पदरातले पाच गहू

मित्रांनो, मी एक पैठणी. मी जुनी आहे, आणि जुनी आहे हे मी मान वर करून सांगते. कारण माझ्या आयुष्यात एक वेळ अशीही आली होती, की नेसून झाल्यावरसुद्धा मला नवीकोरी म्हणवून घ्यावं लागलं. त्या दिवसांची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. थोडी मोठी आहे, पण तुम्ही शहाणी मुलं आहात, ऐकाल.

माझा रंग डाळिंबी. काठ हिरवे. पदरावर चार मोर आणि त्यांच्याभोवती इवल्या मुनिया पक्ष्यांची रांग. पण आधी यातलं काहीच नव्हतं. काही रेशमाच्या लडी होत्या, थोडी जर होती, बस. पैठणला चतुराबाईच्या घरात, खिडकीजवळच्या मागावर त्या लडी चढल्या आणि मी हळूहळू होत गेले. मला अजून नवल वाटतं. धाग्याला कुठं ठाऊक असतं, की उद्या तो मोराचा डोळा होणार आहे? मलाही ठाऊक नव्हतं. एका सकाळी चतुराबाईनं निळ्या रेशमाची बारीक कांडी इकडून घातली, तिकडून काढली, आणि मला दिसायला लागलं. खरंच सांगते. पहिला मोर पुरा झाला आणि त्याच्या डोळ्यानं मी पहिल्यांदा जग पाहिलं. समोर चतुराबाईचा चेहरा होता. कपाळावर मोठं कुंकू, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि ओठ सारखे पुटपुटणारे. ती धागे मोजत होती.

दीड महिना ती मला विणत होती. तिचा नवरा कडुबा ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, बांधून द्यायचा आणि उरलेला सगळा वेळ बोलायचा.

"त्या मोराकडं बगतीस तसं माझ्याकडं कदी बगितलंस का?" तो विचारायचा.

"मोर उलटा बोलत नाय," चतुराबाई म्हणायची. हात चालूच.

तिची एक रीत होती. दिवसाचं काम संपलं की ती चष्मा काढून ठेवायची, डोळे मिटायची आणि त्या दिवशी विणलेल्या भागावरून बोटं फिरवायची. आधी वरून, मग खालून हात घालून उलट्या बाजूनं. पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसली पाहिजे ना! सुईच्या टोकाएवढी गाठ असली तरी तिच्या बोटाला कळायची. एकदा एका मुनियेच्या चोचीत एक धागा चुकला होता. एकच. तिनं दोन दिवसांचं काम उसवलं.

"अगं, कुनाला दिसनार हाय ते?" कडुबा कळवळून म्हणाला.

"मला दिसलं की," ती म्हणाली.

मित्रांनो, ते उसवणं मला दुखलं नाही. उलट मी चकित झाले. एवढ्या मोठ्या जगात माझ्या एका चोचीची काळजी करणारं कुणीतरी होतं.

पुरी झाल्यावर मी सुरेखाताईंकडं गेले. त्या शहरातल्या छावणी भागात राहतात. घरातूनच पैठण्या विकतात. मोबाइलवर साड्या दाखवायच्या, मागणी आली की पार्सल करायचं. त्यांचीही एक रीत होती. प्रत्येक पैठणीच्या आतल्या टोकाला त्या बोटभर लांबीची एक कापडी पिशवी दोऱ्यानं टाचायच्या. हेच त्यांचं लेबल. पिशवीच्या आत एक कार्ड, कार्डावर विणणाऱ्या बाईचा फोटो आणि नाव. माझ्या पिशवीत चतुराबाईचा फोटो होता. फोटोत ती इतकी गंभीर दिसत होती, की जणू कुणी तिला रागावलंय. "मावशी, हसा की जरा," सुरेखाताई फोटो काढताना म्हणाल्या होत्या, आणि चतुराबाई म्हणाली होती, "ताई, हसले तर लोक म्हनतील हिला काम नाय."

साडी आवडली नाही तर सात दिवसांत परत करता येईल, मात्र लेबलाची पिशवी टाचलेली हवी, असा सुरेखाताईंचा नियम होता. हा नियम नीट लक्षात ठेवा.

मला मागवलं मेघानं. ती वाळूजला राहायची. तिचा नवरा इंद्रजीत तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचा. मेघाला सातवा महिना होता आणि तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. पार्सल उघडून तिनं मला पलंगावर पसरलं. कितीतरी वेळ ती हातच लावेना. मग तिनं एक बोट मोराच्या मानेवरून फिरवलं आणि ते पटकन मागं घेतलं. भाजल्यासारखं.

"किती सुंदर आहे ही," ती हळूच म्हणाली. तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ती मलाच म्हणाली.

माझा तिच्यावर जीव जडला, तो तिथंच.

पण मग मला कळलं, की मी तिच्याकडं एकाच दिवसासाठी आले होते. समोरच्या घरातल्या बाईच्या डोहाळजेवणाला खरी पैठणी होती आणि तिचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. मेघाला तसाच एक फोटो हवा होता. पैठणी घेण्याजोगे दिवस नव्हते. इंद्रजीतचा ओव्हरटाइम बंद झाला होता आणि बाळंतपण तोंडावर आलं होतं. म्हणून तिनं ठरवलं, एक दिवस नेसायची आणि परत करायची. दिवाळीत तिच्या एका मैत्रिणीनं असंच केलं होतं. "कुणाला कळतंय," असं ती मैत्रीण फोनवर म्हणाली, ते मीही ऐकलं.

मेघानं मोठ्या काळजीनं सगळं केलं. ब्लाउजपीस कापलं नाही. त्याची सुरळी करून आत खोचली. फॉल लावला नाही. लेबलाची पिशवी कमरेजवळ खोचली, टोचू नये म्हणून खाली रुमालाची घडी ठेवली. आणि आरशासमोर उभी राहिली.

मित्रांनो, साडीला स्वतःचं रूप कधीच दिसत नाही. ते तिला नेसणारीच्या डोळ्यांतच दिसतं. मेघाच्या डोळ्यांत मी मला पहिल्यांदा पाहिलं. माझे मोर तिच्या खांद्यावर बसले होते आणि पोटापाशी माझ्या निऱ्या अशा गोल झाल्या होत्या, जणू मी कुणाला कुशीत घेतलंय. मी थक्क झाले. एवढं सगळं त्या लडींमध्ये होतं?

मग बायका आल्या. फुलांचे दागिने आले, हसणं आलं, थट्टा आली.

"फॉल-पिको राहिलं का ग?" समोरची बाई वाकून बघत म्हणाली. "आणि ब्लाउज वेगळंच?"

"शिंप्याकडं लई गर्दी आहे हो," मेघा म्हणाली. तिचे कान लाल झाले. डोक्यावरून घेतलेला माझा काठ तिच्या कानाला लागला होता, म्हणून मला ते कढत लागले.

ओटी भरायला उठल्या तिच्या सासूबाई. मनकर्णाबाई. गावाकडून आल्या होत्या आणि स्वतःच्या रानातला गहू निवडून, हळदीत घोळून, गाठोड्यात बांधून आणला होता. त्या दिसताच मेघानं पटकन एक मोठा रुमाल काढला आणि माझ्यावर पसरला.

"हे काय ग?" मनकर्णाबाईंचा हात हवेतच थांबला.

"साडीला हळद लागेल ना आई."

"लागू दे की! ओटी काय रुमालात भरतेत व्हय? लेकरू पदरात येतं, रुमालात नाय!"

सगळ्या बायका खो-खो हसल्या. मनकर्णाबाईंनी रुमाल ओढून मागं फेकला, तो समोरच्या बाईच्या डोक्यावर पडला, आणि मग तर हसू आवरेना. त्या हसण्यातच त्यांनी माझा पदर दोन्ही हातांनी पुढं ओढून पसरला आणि पाच ओंजळी गहू घातले. त्यावर नारळ. त्यावर खण. माझ्यावर एवढं वजन आजवर कधीच पडलं नव्हतं.

आणि तेवढ्यात ते झालं.

त्या गव्हाखाली, नारळाखाली, मेघाच्या पोटाच्या आतून कुणीतरी मला लाथ मारली. छोटीशी. टुक्. गव्हाचे दाणे जरासे हलले. मेघाचा श्वास थांबला, आणि माझाही थांबला असता, मला श्वास असता तर. कुणाला काही कळलं नाही. ते आम्हा दोघींनाच कळलं. आतमध्ये कुणीतरी होतं, ज्यानं अजून काही पाहिलं नव्हतं, ज्याला रंग म्हणजे काय ठाऊक नव्हतं, आणि त्यानं पहिल्यांदा ज्या कापडाला स्पर्श केला ते मी होते! मी मागावर होते तेव्हा मलाही काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हे बाळ आणि मी एकमेकांना ओळखतो.

मेघानं पदराची गाठ मारून ओटी कमरेला खोचली. गाठ सैल होती. काही दाणे निसटून खाली घरंगळले, आणि जिथं ती लेबलाची पिशवी खोचलेली होती, तिथं तिच्या उघड्या तोंडातून आत गेले. मेघाला ते कळलं नाही. मला कळलं. पण मला कुठं बोलता येत होतं?

दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मेघानं मला पलंगावर घेतलं. हळदीचा एक बारीक डाग कापसानं हलकेच टिपला. पहिल्यासारख्याच घड्या पडाव्यात म्हणून मोबाइलवर सुरेखाताईंची चित्रफीत थांबवत थांबवत बघितली आणि तशीच घडी घातली. मला सगळं कळलं. मी तिच्यावर रागावले नाही, हेही सांगते. घडी घालताना तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडू नये म्हणून ती मान बाजूला वळवत होती.

मग तिनं परतीचा अर्ज उघडला. त्यात कारण विचारलं होतं. 'आवडली नाही' असं निवडलं तर पाठवण्याचा खर्च घेणाऱ्याकडं. 'विणीत दोष' असं निवडलं तर काहीच नाही. मेघाचं बोट थोडं घुटमळलं. मग तिनं 'विणीत दोष' दाबलं.

एकदाच. टुक्.

दीड महिन्यात चतुराबाईची बोटं माझ्यावरून किती लाख वेळा फिरली असतील! आणि हे एक बोट, एकदाच, काचेवर.

छावणीत सुरेखाताईंनी मला उघडलं. पिशवी टाचलेली होती. काठ बघितला, पदर बघितला, उजेडात धरून बघितलं, त्यांना काही दिसेना. पण गिऱ्हाइकानं लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार. त्या मला घेऊन पैठणला गेल्या.

"मावशी, रागावू नका. विणीत दोष म्हणून परत आलीय."

चतुराबाई मागावर बसली होती. ती उठली नाही. तिनं फक्त हातातली कांडी खाली ठेवली.

"कुठं?"

"ते लिहिलं नाही. मला तर सापडला नाही. तुम्ही बघा."

आणि मित्रांनो, चतुराबाई बघायला लागली. तीन दिवस. खिडकीच्या उजेडात तिनं मला वीतभर वीतभर पुढं सरकवलं. चष्म्यानं बघितलं, चष्मा काढून बघितलं, डोळे मिटून बोटांनी बघितलं. सुलट, उलट. त्या दुरुस्त केलेल्या चोचीवर तिचं बोट परत परत यायचं. माझ्यात काही नाहीये ग, असं मला ओरडावंसं वाटत होतं. तिच्या बोटांना काहीच सापडेना. तुम्हांला वाटेल, मग तर तिला आनंद झाला असेल. नाही. तिला काही सापडत नव्हतं म्हणूनच ती घाबरली.

"दोष हाय," ती कडुबाला म्हणाली. "पर मला दिसंना झालाय."

"नसंलच तर?"

"बाई खोटं काहून लिहील? तिला काय पडलंय? माझेच डोळे गेले बग. बोटंबी गेली." तिनं आपली बोटं अशी समोर धरून बघितली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. "न दिसता विनायचं म्हंजी लोकांना फसवनं. मी न्हाई बसनार आता."

आणि तिनं मागावर चादर टाकली.

कडुबा, जो गप्प बसायचा नाही, तो गप्प बसला. नंतर म्हणाला, "डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू." दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत. ती म्हणाली, त्या डॉक्टरला मुनिया कुठं विनता येते? दिवस गेले. चादरीवर धूळ बसली. मी त्या बंद मागाच्या शेजारीच घडी होऊन पडले होते. ज्या हातांनी मला डोळे दिले, ते हात माझ्यामुळं मांडीवर रिकामे पडले होते. मित्रांनो, मला रडता आलं असतं, तर त्या दिवसांत मी चारही मोरांच्या डोळ्यांनी रडले असते.

महिन्याभरानं एका दुपारी चतुराबाईनं मला मांडीवर घेतलं आणि ती लेबलाची पिशवी हातात धरली.

"काय करू ऱ्हायलीस?" कडुबानं विचारलं.

"माझं नाव काढून घेते हिच्यावरचं. खोटीला माझं नाव नको."

तिनं पिशवीत बोट घातलं. कार्ड बाहेर ओढलं. आणि कार्डाबरोबर तिच्या तळहातावर काहीतरी पडलं.

पाच गहू. पिवळेधमक, हळदीचे.

ती बघत राहिली. मग तिनं ते नाकाशी नेले. मग बोटांनी एक एक चाचपले. हो, त्याच बोटांनी, जी गेली म्हणून ती रडत होती.

"हे ओटीचं हाय," ती म्हणाली.

कडुबा ताडकन उठला. "म्हंजी नेसली! नेसून परत पाठवली! आन वर दोष तुझा? चोरी हाय ही, चोरी! चल, आताच्या आता—"

"वरडू नको," चतुराबाई म्हणाली. "बाई गरवार असंल, डोहाळजेवनाला नेसली असंल. पदरात ओटी भरली तिच्या." तिनं पाचही दाणे माझ्या पदराच्या टोकात घातले आणि गाठ मारली. "जानार हाय मी. पर भांडायला नाय."

"मग?"

"इचारायला. दोष खरा का खोटा, तेवढंच."

एसटीनं ती शहरात आली. मी तिच्या मांडीवर, पिशवीत. छावणीतून सुरेखाताई बरोबर निघाल्या. त्या मात्र चिडलेल्या होत्या. "मावशी, तुम्ही गप्प बसा, मी बोलते," असं त्या रिक्षात सारखं म्हणत होत्या.

दार मनकर्णाबाईंनी उघडलं. सूनबाईला आठवा लागून बरेच दिवस झाले होते, म्हणून त्या राहायला आल्या होत्या. चतुराबाईनं मला पिशवीतून बाहेर काढलं, आणि सुरेखाताईंनी तोंड उघडायच्या आधीच मनकर्णाबाई म्हणाल्या,

"अगं मेघा, ही तर तुझी पैठणी! तू तर म्हनली कपाटात हाय. कपाटातून निघून एकटीच फिरायला गेल्ती का ही?"

मेघा भिंतीला धरून उभी होती. तिचं पोट आता खूप मोठं झालं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग चतुराबाईकडं, आणि मला कळलं, की तिनं तिला ओळखलं. कार्डावरचा फोटो तिनं पाहिला होता. न हसणारी बाई.

"लेकी," चतुराबाई म्हणाली, "मी हिला विनली. मला दुसरं काई नको. एवढंच सांग, माझं चुकलं कुठं? मी तीन दिवस शोधलं, मला गावलं नाय. तू दाखव, म्हंजी मला कळंल माझे डोळे किती गेले."

मेघाला खोटं बोलता आलं असतं. काठाकडं बोट दाखवून म्हणता आलं असतं, इथं. चतुराबाईनं ते मानलंही असतं. समोर सासू उभी होती. मी तिच्या ओठांकडं बघत होते. आणि मग, मित्रांनो, ज्याला मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नवल म्हणते, ते झालं. एक घाबरलेली बाई खरं बोलली.

"चूक नव्हती मावशी," ती म्हणाली. "कुठंच नव्हती. मी एक दिवस नेसले, आणि परत पाठवायला कारण हवं होतं. मी बोटानं दाबलं फक्त. तुमच्यापर्यंत जाईल असं मला... मला वाटलं, ते मोबाइलमध्येच राहील."

चतुराबाई पुढं झाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हंजी काठ सरळ हाय?"

"सरळ आहे."

"मोर?"

"मोर लई देखणे आहेत, मावशी."

"आन ती मुनिया? तिसऱ्या मोराजवळची, ती चोच?"

"ती तर..." मेघाला रडू फुटलं. "मला माहीत पण नाही कुठली ती. सगळ्या सारख्याच सुंदर आहेत."

चतुराबाई खाली बसली. भर खोलीत, फरशीवर. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि आपल्या बोटांकडं बघितलं. मग ती हसली. तो फोटो काढणाऱ्या सुरेखाताईंनीसुद्धा ते हसू कधी पाहिलं नव्हतं.

"चहा टाका कुनीतरी," ती म्हणाली. "साकर जास्त."

सुरेखाताईंनी रिक्षात जुळवलेलं सगळं भांडण गिळलं आणि चहा टाकायला त्याच उठल्या.

मनकर्णाबाई आता सुनेला म्हणाल्या, "रुमाल काहून पसरला होतास, ते आज कळलं मला." एवढंच. पण मेघाची मान त्या एका वाक्यानं जेवढी खाली गेली, तेवढी शंभर शब्दांनी गेली नसती. मग त्याच तिच्याजवळ गेल्या आणि तिला हाताला धरून पलंगावर बसवलं. "बस. उभी राहू नको. मला सांगायचं होतंस, की पैठनी झेपत नाय. मी माझ्या लुगड्यात वटी भरली असती. लेकराला काय कळतंय, रेशीम का सूत?"

मला ते ऐकून जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. लेकराला कळलं होतं. त्यानं मला लाथ मारली होती.

चतुराबाईनं माझ्या पदराची गाठ सोडली आणि ते पाच गहू मेघाच्या ओंजळीत घातले. "हे तुझं हाय. हे माझ्याकडं ठेवता येत नाय, आन दुसरीला ही साडी नवी म्हनून देता येत नाय. आता काय करायचं ते तूच सांग."

मेघानं इंद्रजीतला फोन लावला. पाळी चालू होती, मागं यंत्रांचा आवाज होता, म्हणून तिला सगळं ओरडून सांगावं लागलं. आणि आपली चूक ओरडून सांगणं किती अवघड असतं, ते तुम्हांला कधी तसं करावं लागलं तर कळेल. इंद्रजीतनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठेवून घे. हप्त्यानं देऊ म्हणावं ताईंना."

तेव्हापासून मी या घरात आहे.

त्या संध्याकाळी पैठणला मागावरची चादर निघाली. ते मी पाहिलं नाही, पण सुरेखाताईंनी नंतर सांगितलं, की धूळ झटकताना कडुबा इतका शिंकला, आणि शिंकता शिंकता इतका बोलला, की शेजारचे बघायला आले. सुरेखाताईंनी परतीच्या अर्जात एक कारण नवीन घातलं. 'नेसली होती, खरं सांगते.' त्यांना वाटलं होतं, ते कुणीच निवडणार नाही. पण त्यांच्याकडं नेसलेल्या साड्यांचं वेगळं कपाट झालंय आता. ज्यांना नवी झेपत नाही त्या बायका ते कपाट आधी बघतात.

मित्रांनो, एखादी वस्तू बसली नाही, आवडली नाही, तर परत करण्यात काही वाईट नाही. खुशाल करा. पण कारण लिहिताना तुमचं बोट जरा थांबू द्या. तुम्हांला वाटतं, ते काचेवरच राहतं. ते राहत नाही. ते पार्सलात बसतं, एसटीत बसतं, आणि कुठल्या तरी खिडकीजवळ, माग चालवणाऱ्या, शिवणाऱ्या, घडवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत जातं. ते माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतं. स्वतःवर ठेवणार नाही, पण तुमच्यावर ठेवतं.

आता माझ्या निऱ्यांपाशी काठाची जर थोडी काळवंडलीय. हळदीचा तो पुसट डाग परत वर आलाय. मेघानं परत टिपला नाही. लेबलाची पिशवी अजून आतल्या टोकाला टाचलेली आहे. तिच्यात चतुराबाईचं कार्ड आहे आणि पाच गहू आहेत. बाळाच्या बारशाला मेघा मलाच नेसली होती. ब्लाउजपीस कापून, फॉल लावून. चतुराबाई आणि कडुबा आले होते, आणि चतुराबाईनं बाळाचं नाव ऐकायच्या आधी माझ्या तिसऱ्या मोराजवळची मुनिया बघून घेतली.

ते बाळ म्हणजे संस्कृती. आता ती पाच वर्षांची आहे. परवा मेघानं कपाट आवरायला मला बाहेर काढलं, तर ती धावत आली आणि तिनं माझ्या पदरावर आपला तळहात ठेवला. मी तो हात लगेच ओळखला. आधी तो पाय होता, एवढंच.

"आई, ही नवी आहे?" तिनं विचारलं.

मेघानं माझ्या हळदीच्या डागावरून हात फिरवला.

"नाही ग," ती म्हणाली. "नेसलेली आहे."

माझ्याबद्दल कुणी इतकं सुंदर आजवर बोललं नव्हतं.